परिशिष्टाचा दर

प्रबंध टाईप करणाऱ्या माणसाला स्वतःचा असा विषय नसतो. सकाळी पतसंस्थांची थकबाकी, दुपारी दलित आत्मकथनं, संध्याकाळी कुठल्याशा पातळ थराचे क्ष-किरण आलेख, आणि शटर ओढायच्या वेळेला कुणीतरी धापा टाकत येतो, ‘काका, उद्या सबमिशन हाय, ऋणनिर्देशात एक नाव राहिलंय.’ माझं दुकान कोल्हापुरात, शिवाजी विद्यापीठाकडे जाणाऱ्या रस्त्याला. विद्यापीठ 1962 चं, आणि कोल्हापूर, सांगली, सातारा हे तीन जिल्हे त्याच्याकडे. म्हणजे ऊस, दूध, सहकार, पूर आणि सह्याद्री यांच्याबद्दल पोरं जे काही लिहितात, त्यातलं थोडंफार माझ्या टेबलावरून जातंच.

सुरुवात केली ती गोदरेजच्या मराठी टाईपरायटरवर. मूळ प्रत आणि खाली कार्बन लावलेल्या तीन प्रती. खालची प्रत इतकी फिकट यायची, की ती कुणाच्या वाट्याला जाते यावरून विद्यार्थ्याचं आणि गाईडचं कसं चाललंय ते समजायचं. वनस्पतींची शास्त्रीय नावं तिरप्या अक्षरात हवीत असा नियम. मशीनवर तिरपं अक्षर कुठलं? मग ती अधोरेखित करायची. रसायनशास्त्रवाल्यांच्या षट्कोनांसाठी मोकळी जागा सोडायची, ते काळ्या शाईनं भरून आणत. पुढे कॉम्प्युटर आला, श्रीलिपी आली, आयएसएम आलं, मग युनिकोड. डावीकडे बाइंडिंगसाठी दीड इंच सोडायचं, एवढं मात्र तेव्हापासून आजवर तसंच आहे.

टाईप करणारा वाचत नाही, अक्षरं उचलतो, असं लोकांना वाटतं. पहिली काही वर्षं ते खरंही असतं. नंतर हाताला काहीतरी कळायला लागतं. विषय कळतो असं नाही. क्वांटम म्हणजे काय ते मला आजही सांगता येणार नाही. पण लिहिणारा स्वतः त्या ठिकाणी गेला होता की नाही, ते कळतं. न गेलेल्याची वाक्यं लांब असतात आणि ‘दिसून येते’वर संपतात. गेलेला माणूस मध्येच अडखळतो, एखादा तपशील नको तिथं घुसवतो, गाईडनं तो लाल पेनानं काटलेला असतो, आणि मग तोच तपशील शेवटच्या पानांत, परिशिष्टात, हळूच परत आलेला दिसतो.

म्हणून मी प्रबंध शेवटून उघडतो. पहिलं प्रकरण म्हणजे लग्नपत्रिका: नावं बदलायची, मजकूर तोच. ‘संकल्पना व स्वरूप’, ‘व्याख्या’, ‘संशोधनाची व्याप्ती व मर्यादा’. मराठीचा असो, अर्थशास्त्राचा असो, शिक्षणशास्त्राचा असो. शीर्षकात ‘विशेष संदर्भ’ आणि ‘चिकित्सक अभ्यास’ हे दोन शब्द असले की पुढची पन्नास पानं मला डोळे मिटून टाईप करता येतील. परिशिष्टाचं तसं नाही. तिथं प्रश्नावली असते, मुलाखती असतात, नमुन्यांची यादी, फोटो, कुणाच्या तरी वहीतल्या पानाची झेरॉक्स. तिथं व्याख्या नसतात. परीक्षकही तिथवर क्वचितच पोचतात, त्यामुळे तिथं कुणी फार शहाणपणा करायला जात नाही.

एकदा समाजशास्त्राची एक मुलगी आली. बीडकडची, आईवडील ऊसतोडीला जाणारे, ही मामाकडे राहून शिकलेली. विषय अर्थातच ऊसतोड मजुरांचं स्थलांतर. पहिल्या दोन प्रकरणांत स्थलांतराचे सगळे परदेशी सिद्धांत ओळीनं उभे होते. ते टाईप करताना मला एकदाही थांबावं लागलं नाही. परिशिष्टात तिनं एका मुकादमाच्या वहीचं पान जसंच्या तसं उतरवलं होतं. एकेक ‘कोयता’ म्हणजे एकेक ओळ. नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता धरतात. ओळीत नाव नवऱ्याचं, पुढे हंगामाआधी घेतलेली उचल, मग तोडलेला ऊस टनात, मग खाडे, म्हणजे काम चुकल्याचे दिवस आणि त्याबद्दलची कपात. शेवटी काय फिटलं, काय बाकी राहिलं. बाकी राहिलं की ते पुढच्या हंगामावर.

आमच्या भागातल्या माणसाला हे नवीन नाही. उसाच्या फडाकडेच्या कोप्या, पहाटेच्या अंधारात निघालेल्या गाड्या हे आम्ही जन्मापासून बघतो. मला थांबवलं ते तिच्या स्वतःच्या तक्त्यानं. तिनं मुलाखती घेताना एक रकाना जास्तीचा केला होता: ‘स्त्रीला स्वतंत्रपणे मिळालेली मजुरी’. आणि प्रत्येक ओळीत त्या रकान्यात आडवी रेघ. सगळ्या बायांनी पहाटे उठून भाकरी केलेल्या, तोडलेल्या उसाच्या मोळ्या बांधलेल्या, त्या डोक्यावरून गाडीपर्यंत नेलेल्या. तेही तिनं तासातासानं लिहिलं होतं. पण मजुरी कोयत्याची, आणि कोयता नवऱ्याच्या नावावर. त्या पानभर रेघा मी एकेक करून मारल्या. तिला सांगण्यात आलं होतं, की या रकान्यात माहितीच नाही तर तो काढून टाका, सारणी सुटसुटीत होईल. मुख्य प्रकरणातून तिनं तो काढला. परिशिष्टात ठेवला.

तिच्या प्रबंधाचा निष्कर्ष म्हणून जी बारा कलमं छापली गेली, त्यात शासनाने योजना राबवाव्यात, जनजागृती करावी, साखरशाळा वाढवाव्यात वगैरे होतं. चूक त्यात काही नाही. पण निष्कर्ष तो रकाना होता, असं माझं मत आहे. मी तिला तसं बोललोही. ती म्हणाली, ‘काका, रिकाम्या रकान्यावर पीएचडी देत नाहीत.’

वनस्पतिशास्त्राची पोरं वेगळी. त्यांचं परिशिष्ट म्हणजे नमुन्यांची यादी: शास्त्रीय नाव, कुठं सापडलं, समुद्रसपाटीपासून उंची, तारीख, गोळा करणाऱ्याचा क्रमांक. एकजण कंदीलपुष्पांवर काम करत होता. कंदीलपुष्प म्हणजे सेरोपेजिया. सह्याद्रीत याच्या कितीतरी जाती आहेत आणि त्यातल्या काही एखाद्या डोंगरापुरत्याच. तारखा पाहिल्या तर सगळ्या जुलै ते सप्टेंबर. पन्हाळा, राधानगरी, आंबोली, ऐन पावसात. प्रूफ तपासायला यायचा तेव्हाही पायाला चिखल असायचाच. त्यानं मला स्क्रीनवर फुलाचा उभा छेद दाखवला. खाली फुगीर पोट, वर नळी, नळीत खाली वळलेले केस. माशी वासानं आत जाते, केसांमुळे वर येता येत नाही. आत फिरत राहते, परागकण तिला चिकटतात. मग केस सुकून मऊ पडतात आणि माशी सुटते. ‘सुटून करते काय?’ मी विचारलं. ‘दुसऱ्या कंदिलात शिरते,’ तो म्हणाला आणि स्वतःच हसला.

त्याच्या यादीत एका जातीपुढे ठिकाण नुसतं ‘कोल्हापूर जिल्हा’ असं होतं. बाकी सगळीकडे गाव, टेकडी, उतार कुठल्या दिशेला, इतकं बारीक, आणि इथंच असं ढोबळ का? मी विचारलं, टाईप करायचं राहिलं का? तर म्हणाला, मुद्दाम. कंद गोड असतात, गुराखी खातात, तो काही प्रश्न नाही, ते पिढ्यान्‌पिढ्या खातायत. पण नेमकी जागा छापली की बागांसाठी आणि फोटोसाठी लोक उकरून नेतात. नेमका पत्ता त्याच्या वहीत आणि हर्बेरियमच्या कागदावर. संशोधनात काय छापायचं नाही हेही ठरवावं लागतं, हे मला तिथं पहिल्यांदा कळलं. समाजशास्त्रवाले मुलाखत देणाऱ्याचं नाव बदलतात. वनस्पतीलाही ती सोय लागते हे ठाऊक नव्हतं.

भौतिकशास्त्र आणि गणिताबद्दल फार सांगता येणार नाही. पातळ थरांवरच्या कामासाठी इथल्या भौतिकशास्त्र विभागाचं नाव आहे. ती पोरं आलेख घेऊन येतात, आलेख जागच्या जागी बसवून घेतात आणि जातात. गणितवाले तर सगळं लाटेकमध्ये स्वतःच करून आणतात, आमच्याकडे फक्त बाइंडिंगला. काळं रेक्झिन, सोनेरी अक्षरं, कण्यावर नाव आणि साल.

वाणिज्य आणि अर्थशास्त्र हे मात्र आमच्या दुकानाचं पोट. कारखाने, दूधसंघ, पतसंस्था, बचत गट. इथं गृहीतकं असतात, आणि ती सिद्ध होतात. इतकी वर्षं टाईप करतोय, ‘गृहीतक क्रमांक 3 नाकारण्यात येत आहे’ हे वाक्य हातून फार थोड्या वेळा गेलं असेल. जगातल्या एवढ्या गोष्टी विद्यार्थ्यांना आधीच बरोबर ठाऊक कशा असतात, हा प्रश्न मला पडायचा. एका प्राध्यापकांनी हसत उत्तर दिलं होतं: गृहीतक शेवटी लिहायचं असतं.

एम.फिल. चालू होतं तेव्हाची गोष्ट. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या नियमांनी आता ती पदवी बंद झाली. एक विवाहित बाई होत्या, लहान मुलाला घेऊन दुकानात बसायच्या. विषय बचत गट. गृहीतक असं, की गटात आल्यावर बायकांचं बाहेरचं कर्ज कमी होतं. त्यांनी गावोगाव फिरून माहिती भरून आणली, सारण्या केल्या, आणि आकडे उलटे निघाले. गटाचं कर्ज होतं, त्याच्या जोडीला मायक्रोफायनान्स कंपनीचंही होतं, आणि पुष्कळ जणी एकाचा हप्ता दुसऱ्यातून भरत होत्या. सोमवारी एक वसुलीवाला, गुरुवारी दुसरा. बाई रडकुंडीला आलेल्या. मला म्हणाल्या, ‘काका, पहिल्या प्रकरणात ते वाक्य आहे ना, तेवढं फिरवून टाकता येईल का?’

फिरवता आलं असतं. एका वाक्याचा प्रश्न. पण त्यांचे गाईड जुन्या पठडीतले होते. दुसऱ्या दिवशी स्वतः दुकानात आले, स्टुलावर बसले, चष्मा काढून सारणी वाचली आणि म्हणाले, ‘अहो बाई, तुम्हाला सापडलंय आणि तुम्ही लपवताय?’ मग मला म्हणाले, गृहीतक आहे तसं राहू दे, निष्कर्षात ‘नाकारले जाते’ हे ठळक करा. आणि परिशिष्टात त्या बायकांचे हप्त्यांचे वार टाका, सगळे. बाईंना ते पटलं की नाही मला माहीत नाही. त्यांच्या चेहऱ्यावर भीतीच जास्त होती. त्या सारणीचं प्रूफ मात्र त्यांनी तीनतीनदा तपासलं, बाकीच्या प्रबंधाचं एकदासुद्धा नाही.

2018 साली विद्यापीठ अनुदान आयोगाचे वाङ्मयचौर्याचे नियम आले आणि दुकानात एक नवीन शब्द आला: पर्सेंटेज. साम्य 10 टक्क्यांपर्यंत असेल तर चालतं; 10 ते 40 असेल तर दुरुस्त करून पुन्हा द्यायचं; 60 च्या वर गेलं तर नोंदणीच रद्द. सर्वसाधारण माहितीची सलग चौदा शब्दांपर्यंतची जुळणी मोजत नाहीत, त्यामुळे काही पोरं वाक्याचे शब्द मोजताना मी पाहिलेली आहेत. ‘काका, पर्सेंटेज खाली आणून द्या की’ म्हणून लोक येतात. ते काम आम्ही घेत नाही. फार तत्त्वाचं म्हणून नाही, डोकं फिरतं म्हणून. कारण त्याची रीत म्हणजे शब्द बदलत जायचं. ‘शेतकरी आत्महत्या’चं ‘कृषक आत्मघात’ झालेलं मी डोळ्यांनी पाहिलंय. ‘दुष्काळ’चं ‘पर्जन्याभाव’. मशीन खूश, वाचणाऱ्याच्या कपाळावर आठ्या.

साम्य तपासणीच्या अहवालांत रंगीत पट्टे असतात. ते कुठं पडतात पाहिलं तर पहिल्या-दुसऱ्या प्रकरणावर. परिशिष्टावर एक पट्टा दिसेल तर शपथ. मुकादमाच्या वहीचं पान जगात दुसरीकडे कुठं छापलेलंच नसतं, जुळणार कशाशी? अलीकडे पहिली दोन प्रकरणं आणखीनच गुळगुळीत होऊन येतात, शुद्धलेखनाची एक चूक नाही, आणि विचारलं तर पोरगं प्रामाणिकपणे सांगतं, मोबाइलवर लिहून घेतलं. मला त्याचा तितकासा राग येत नाही. ती प्रकरणं आधीही कुणाची नव्हती.

राग येतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. आयोगाच्या 2009 च्या नियमांनंतर प्रबंधांची डिजिटल प्रत द्यावी लागू लागली, आणि गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटचं शोधगंगा उभं राहिलं. फार मोठं काम. कोल्हापुरातल्या पोराला आसामचा प्रबंध घरबसल्या वाचता येतो. पण प्रकरणवार फाइली चढवताना परिशिष्टाचं जे होतं ते बघवत नाही. प्रकरणं स्वच्छ पीडीएफ, आणि परिशिष्ट वाकडं स्कॅन केलेलं, सारणीची उजवी कड कापलेली, कधी कधी नाहीच. त्यातून जुन्या फाँटातलं असेल तर ते शोधून सापडणंही अवघड. पडद्यावर मराठी दिसतं, आत नुसता इंग्रजी अक्षरांचा खच. भूगोलाच्या एका मुलानं 2019 च्या पुरानंतर पंचगंगेकाठच्या गावांत टेप घेऊन घराघरांतली पाण्याची खूण मोजली होती. राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटांना इशारा पातळी आणि 43 ला धोका पातळी. त्या ऑगस्टात पाणी 55 फुटांच्या पुढे गेलं, हे आकडे सगळ्यांकडे आहेत. याच्याकडे होतं ते असं: अमुक घर, उंबऱ्यापासून सात फूट दोन इंच, देव्हाऱ्याच्या फळीला ओलीची रेघ, घरमालक समक्ष. 2021 ला पुन्हा पूर आला, नंतर घरं रंगवली गेली, काही पाडली. त्या खुणा आता फक्त त्याच्या परिशिष्टात आहेत. आणि त्यानं ते परिशिष्ट छापताना अर्ध्यावर आणलं.

का आणलं, तर पैशासाठी. इथं माझाही संबंध येतो. आमच्या धंद्यात साध्या पानाचा एक दर आणि सारणीच्या पानाचा दुप्पट. सगळीकडे तसंच आहे. सारणीला वेळ लागतो, रकाने हलतात, आकडे बेरजेला जुळवून बघावे लागतात. म्हणजे होतं असं, की ‘व्याख्या व स्वरूप’ची ऐंशी पानं स्वस्तात निघतात आणि ज्यासाठी पोरगं उन्हातान्हात फिरलं ती वीस पानं महाग पडतात. फेलोशिप असलेल्याला फरक पडत नाही. बाकीचे हिशेब करून सांगतात, ‘काका, परिशिष्टातली निम्मी काढा, नमुन्यादाखल दोनच ठेवा.’

दोन वर्षांपूर्वी मी परिशिष्टाच्या सारणीला साधा दर लावला. दुकान आता मुलाच्या हातात आहे, त्याला हे पसंत नाही. त्याचं म्हणणं चुकीचं नाही. नवीन शैक्षणिक धोरणापासून एम.ए., एम.कॉम.च्या पोरांनाही संशोधन प्रकल्प आहेत, मार्च-एप्रिलमध्ये दुकानात पाय ठेवायला जागा नसते, आणि त्या गर्दीत एखादा चाळीस पानांचं परिशिष्ट साध्या दरात घेऊन बसला की तासाभराचं गिऱ्हाईक दुसरीकडे जातं. शिवाय प्रकल्पवाल्यांचं परिशिष्ट म्हणजे बहुतेक वेळा गूगल फॉर्मचे स्क्रीनशॉट. शंभर जणांनी मोबाइलवर ‘सहमत’ला टिक केलेलं. त्यालाही साधा दर का, असं तो विचारतो. त्यावर माझ्याकडे नीट उत्तर नाही. कुठलं परिशिष्ट खरं आणि कुठलं भरतीचं, हे दरपत्रकात लिहिता येत नाही.

सध्या चंदगडची एक मुलगी येते. तिकडच्या बोलीतले शेतीच्या कामाचे शब्द तिनं गोळा केलेत: शब्द, अर्थ, कुणी सांगितला, त्यांचं वय, गाव, आणि तोच शब्द शेजारच्या गावात कसा म्हणतात. रकाने इतके झालेत, की ए-फोरवर आडवं टाकलं तरी अक्षर मुंगीएवढं होतं. मी म्हटलं, ए-थ्रीवर काढू आणि दुमडून आत बसवू. बाइंडर कुरकुरतोय, कारण घडी कडेपर्यंत आली की कटर ती घडीच कापतो आणि तक्ता दोन तुकड्यांत निघतो. अर्धा इंच आत दुमडायचं असं ठरलंय. तिनं एक रकाना कमी करू का म्हणून विचारलं, वयाचा. नको म्हटलं.